उंदराची स्मरणशक्ति आणि आपली परीक्षा

ज्या प्राण्याला आपल्या पुराणांनीं गणपतीचें वाहन करून पूजेंत स्थान दिलें आणि ज्याला आपल्या शेतकऱ्यानें कोठाराचा शत्रु मानून पिढ्यान्‌पिढ्या सापळे लाविले, त्याच प्राण्याला विसाव्या शतकांतील मानसशास्त्रानें आपला गुरु केलें. शिकणें म्हणजे काय, शिकलेलें कसें टिकतें आणि विसर कां पडतो, या प्रश्नांचीं उत्तरें पांढऱ्या उंदराला भूलभुलैयांत सोडून मिळवावीं, असा प्रघात विसाव्या शतकाच्या आरंभीं पडला व तो अद्यापि मोडलेला नाहीं. या प्रघाताचा हिशेब घेणें हें केवळ तज्ज्ञांचें काम आहे असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. परीक्षांचा हंगाम आला कीं वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, कोठेंहि जावें. स्मरणशक्ति वाढविणाऱ्या पाकांच्या बाटल्या घराघरांत येतात. अशा औषधाला जेथें प्रयोगशाळेचा आधार सांगितला जातो, तेथें त्या आधाराच्या मुळाशीं पुष्कळदां एक उंदीर असतो. तेव्हां त्या उंदरानें खरोखर काय सिद्ध केलें, हें विचारण्याचा अधिकार बाटलीची किंमत देणाऱ्या प्रत्येक आईबापांस आहे.

या विषयावरील वाङ्मय अफाट आहे. त्यांतील एकच निबंध आम्ही येथें परीक्षणासाठीं घेत आहों. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड टोलमन यांचा हा निबंध १९४८ सालीं एका मानसशास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचें नांव आपल्या भाषेंत ‘उंदरांच्या व माणसांच्या मनांतील नकाशे’ असें सांगतां येईल. इतका जुना निबंध आज कां उकरावा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, प्राण्याला जें कळलेलें असतें आणि परीक्षेंत तो जें दाखवितो, तीं दोन्ही एकच काय, हा त्या निबंधाचा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न उंदरांच्या पिंजऱ्यांत जितका महत्त्वाचा, तितकाच आपल्या शाळांत व घरांत महत्त्वाचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. १९०१ सालीं क्लार्क विद्यापीठांतील स्मॉल या संशोधकानें इंग्लंडांतील हॅम्प्टन कोर्टच्या प्रसिद्ध उद्यानांत झुडुपांचा जो भूलभुलैया आहे, त्याच्या नमुन्यावर उंदरांसाठीं लहानसा चक्रव्यूह रचला. बिळांतून वाटा काढणें हा उंदराचा स्वभावच असल्यामुळें त्याच्या बुद्धीची पारख त्याच्याच व्यवसायांत करावी, असा यांत हेतु होता, व तो समंजस होता. पुढें वॉट्सन आले. त्यांनीं उंदराची दृष्टि, वास, श्रवण हीं एकेक करून नष्ट केलीं आणि तरीहि तो वाट शिकतो असें १९०७ मध्यें दाखविलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं व कार यांनीं सरावलेल्या उंदराच्या वाटेचा एक भाग आंखूड केला. तेव्हां उंदीर नेहमींच्या वेगानें धांवत जाऊन थेट भिंतीवर आपटले. यावरून शिकणें म्हणजे स्नायूंच्या हालचालींची एक सांखळी, मन वगैरे शब्द निरर्थक, असा सिद्धांत बळावला. परीक्षेंत दिसेल तेवढेंच खरें, ही या पंथाची श्रद्धा होती.

टोलमन यांनीं याच श्रद्धेवर प्रहार केला, आणि तोहि त्यांच्याच हत्यारानें. निबंधाचा गाभा ज्या प्रयोगांत आहे त्यांतील एक त्यांनीं हॉन्झिक यांच्यासह १९३० मध्यें प्रसिद्ध केला होता. चौदा वळणांच्या चक्रव्यूहांत भुकेल्या उंदरांचे तीन गट रोज एकदां सोडण्यांत आले. पहिल्या गटाला शेवटच्या पेटींत रोज अन्न मिळे. त्याच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. दुसऱ्या गटाला तेथें अन्न कधींच मिळालें नाहीं. तो गट रेंगाळत, भटकत राहिला. तिसऱ्या गटाला दहा दिवस कांहीं मिळालें नाहीं आणि अकराव्या दिवशीं प्रथम अन्न ठेवण्यांत आलें. दहाव्या दिवसापर्यंतचे आंकडे पाहून कोणताहि परीक्षक म्हणाला असता कीं, हा गट मंद आहे, यानें कांहीं शिकलेलें नाहीं. परंतु बाराव्या दिवशीं त्याच्या चुका एकदम उतरल्या. तो रोज अन्न मिळविणाऱ्या गटाच्या बरोबरीला आला, किंबहुना किंचित् पुढेंहि गेला. एका दिवसांत एवढी विद्या कोठून आली? ती आधींपासूनच त्याच्यापाशीं होती. दाखविण्याचें प्रयोजन मात्र नव्हतें.

सुभद्रेच्या उदरांत असतां चक्रव्यूहभेदाची विद्या ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. तिच्यांतील अद्भुत बाजूला ठेवलें, तरी शिकणें आणि शिकल्याचें दाखविणें यांत काळाचें मोठें अंतर पडूं शकतें, ही जाणीव त्या कथेंत आहे. टोलमन यांनीं त्या अंतराला आंकड्यांचा आधार दिला. त्यांच्या मतें उंदीर चालतां चालतां मनांत प्रदेशाचा एक नकाशा तयार करीत असतो, आणि गरज पडेल तेव्हां तो वापरतो. याच्या समर्थनार्थ त्यांनीं रिची व कॅलिश यांच्यासह १९४६ मध्यें केलेला दुसरा प्रयोग दिला आहे. वळणावळणाच्या एका वाटेनें अन्नापर्यंत जाण्यास शिकलेल्या उंदरांची ती वाट बंद केली आणि सूर्यकिरणांप्रमाणें फांकणाऱ्या अठरा नव्या वाटा त्यांच्यापुढें ठेविल्या. केवळ हालचालींची सांखळी शिकलेला प्राणी जुन्या वाटेच्या शेजारची वाट धरील. सर्वांत अधिक उंदरांनीं मात्र अन्नाच्या जागेजवळ सरळ जाणारी वाट निवडली.

आतां या निबंधाचे गुण सांगूं. पहिला गुण लेखकाच्या वृत्तीचा आहे. आपल्या १९३२ च्या मोठ्या ग्रंथाची अर्पणपत्रिका टोलमन यांनीं पांढऱ्या उंदराच्या शास्त्रीय नांवाच्या आद्याक्षरांना वाहिली होती. हा विनोद वरवरचा नाहीं. ज्याच्या बळावर आपली कीर्ति उभी आहे त्याचें ऋण मानण्याची ती रीत आहे. तीच मोकळी, स्वतःकडे हंसून पाहणारी वृत्ति या निबंधांतहि आहे. दुसरा गुण म्हणजे प्रतिपक्षाला न्याय. मेंदू हें दूरध्वनीचें जोडणी-केंद्र आहे असें मानणाऱ्यांचें म्हणणें त्यांनीं आधीं स्वच्छ मांडलें, त्यांच्यांतील पोटभेद सांगितले, आणि मग स्वतःचें नकाशाचें रूपक पुढें ठेविलें. तिसरा आणि मुख्य गुण म्हणजे अवघड विचार साध्या प्रयोगांत उतरविण्याचें कसब. चौदा वळणें, तीन गट, एक अकरावा दिवस. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं एका बलाढ्य मताचा पाया हलविला.

दोषहि स्पष्ट बोलले पाहिजेत. सूर्यकिरणांच्या आकृतीच्या त्या प्रयोगांत अन्नाच्या जागेजवळ एक दिवा होता. उंदीर मनांतील नकाशा पाहून गेला कीं समोरचा दिवा पाहून गेला, हें त्यावरून ठरत नाहीं, असा आक्षेप पुढें टीकाकारांनीं घेतला, व तो बिनतोड आहे. दुसरा दोष शेवटच्या प्रकरणांत आहे. तेथें लेखक उंदरांवरून एका उडींत माणसांवर येतात. अति भुकेनें किंवा अति वैफल्यानें नकाशा अरुंद होतो, आणि परक्या समाजांविषयींचा द्वेष अशाच अरुंद नकाशांतून जन्मतो, म्हणून मुलांना वाढविणाऱ्यांनीं व जगाची घडी बसविणाऱ्यांनीं शांत विवेकाला वाव द्यावा, असें ते सांगतात. महायुद्ध संपून तीन वर्षें झालीं होतीं; त्या पार्श्वभूमीवर ही तळमळ आदरणीय आहे. पण तळमळ हा पुरावा नव्हे. हा उपदेश करण्याचा अधिकार टोलमन यांनीं उंदरांकडून मिळविलेला नाहीं. तो त्यांनीं स्वतःच्या आचरणानें मिळविला. १९४९ मध्यें विद्यापीठानें अध्यापकांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली, तेव्हां ती नाकारणाऱ्यांचे ते अग्रणी झाले, आणि १९५२ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला.

तिसरी उणीव अधिक खोल आहे, आणि ती एकट्या टोलमन यांची नसून त्या काळच्या पुष्कळ प्रयोगांची आहे. उंदराची परीक्षा घेणारा माणूस त्या चित्रांत कोठेंच दिसत नाहीं. १९६३ मध्यें रोझेन्थाल व फोड यांनीं ही उणीव उघडकीस आणिली. त्यांनीं बारा विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. निम्म्यांना सांगितलें कीं तुमचे उंदीर हुशार वंशाचे आहेत, आणि उरलेल्यांना सांगितलें कीं तुमचे मंद आहेत. वस्तुतः सारे उंदीर एकाच जातकुळीचे होते. तरीहि ‘हुशार’ उंदीर अधिक चांगले ठरले. परीक्षकाची अपेक्षा त्याच्या हातांत उतरते, हाताळण्यांत उतरते, आणि शेवटीं गुणपत्रिकेंत उतरते.

हुशार व मंद अशा उंदरांचे वंश ट्रायॉन यांनीं कॅलिफोर्नियांतच अनेक पिढ्यांच्या निवडीनें खरोखर तयार केले होते, आणि बुद्धि रक्तांतूनच येते असें म्हणणाऱ्यांना त्यांत मोठा आधार वाटला. पण १९४९ मध्यें सर्ल यांनीं त्याच वंशांची निरनिराळ्या परीक्षांत तुलना केली, तेव्हां असें दिसलें कीं ‘मंद’ उंदीर सर्वत्र मंद नव्हते. अन्नासाठीं धांवण्यांत ते मागें पडत. पाण्यांतून सुटका करून घेण्याच्या परीक्षेंत ते मुळींच कमी नव्हते. पुढें १९५८ मध्यें कूपर व झुबेक यांनीं अशाच दोन वंशांचीं पिलें वेगवेगळ्या परिस्थितींत वाढविलीं. खेळणीं व विविधता असलेल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या मंद वंशाच्या पिलांनीं हुशारांची जवळजवळ बरोबरी केली. उघड्याबोडक्या पिंजऱ्यांत वाढलेले हुशार वंशाचे उंदीर मंदांइतक्याच चुका करूं लागले. ‘मंद’ हा शब्द किती सांभाळून वापरावा, याचा याहून चांगला धडा कोणत्या शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सांपडेल?

टोलमन यांच्या नकाशाच्या कल्पनेला काळानें मात्र मोठा न्याय दिला. १९७१ मध्यें लंडनमध्यें ओकीफ व दोस्त्रोव्हस्की यांनीं उंदराच्या मेंदूंतील एका विशिष्ट भागांत अशा पेशी दाखविल्या कीं, प्राणी खोलींतील ठराविक जागीं आला म्हणजेच त्या जागृत होतात. पुढें मे-ब्रिट व एड्वर्ड मोझर यांनीं या शोधांत भर घातली, आणि २०१४ चें नोबेल पारितोषिक ओकीफ व मोझर यांस मिळून देण्यांत आलें. परीक्षेची पद्धतिहि सुधारली. १९८१ मध्यें रिचर्ड मॉरिस यांनीं गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल हौदांत पृष्ठभागाखालीं एक लपलेला चौथरा ठेविला. उंदीर पोहत पोहत तो शोधतो, आणि भोवतालच्या खोलींतील खुणांवरून त्याची जागा ध्यानांत ठेवतो. नंतर चौथरा काढून घेतात आणि उंदीर हौदाच्या कोणत्या भागांत अधिक वेळ शोधतो तें मोजतात. येथें वासाचा माग नाहीं, अन्नाचा लोभ नाहीं. तरीहि काळजी घेणारा संशोधक उघडा दिसणारा चौथरा ठेवून आधीं पाहतो कीं, उंदराला दिसतें कीं नाहीं, पोहतां येतें कीं नाहीं. कारण भीतीनें हौदाच्या कडेकडेनें फिरणारा उंदीर विसराळू असतोच असें नाहीं.

ही काळजी जेथें सुटते तेथें अनर्थ कसा होतो, याचें एक उदाहरण पुरे आहे. औषधांच्या परीक्षणांत फार वापरली जाणारी एक पद्धति अशी: उंदराला उजेडाच्या कप्प्यांत ठेवतात, तो स्वभावानुसार शेजारच्या अंधाऱ्या कप्प्यांत जातो, आणि तेथें त्याला विजेचा सौम्य धक्का बसतो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उजेडांत ठेविल्यावर तो अंधारांत जाण्यास जितका उशीर लावील, तितकी त्याची स्मृति चांगली असें धरतात. आतां विचार करा: औषधानें उंदीर सुस्त झाला असेल, तर तोहि उशीर लावील. गुंगी आणणारा पदार्थ येथें स्मृतिवर्धक म्हणून उत्तीर्ण होऊं शकतो! म्हणूनच उंदराची नुसती हालचाल वेगळी मोजून पाहावी लागते. दुसरा प्रकार असा कीं, स्कोपोलामीन नांवाच्या द्रव्यानें आधीं उंदराची स्मृति बिघडवितात आणि मग औषध देऊन ती सुधारते कीं काय तें पाहतात. ही पद्धति रोगाच्या अभ्यासांत उपयुक्त आहे. परंतु मोडलेलें पाऊल ज्या लेपानें बरें होतें, त्याच लेपानें धडधाकट पाऊल अधिक वेगानें धांवेल, असें अनुमान कोणी शहाणा माणूस काढणार नाहीं.

ब्राह्मीचेंच पाहूं, कारण आपल्या घरांत तिचें नांव सर्वांत आधीं निघतें. लखनौच्या केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेंतील सिंह व धवन यांनीं १९८२ मध्यें ब्राह्मीच्या अर्कानें उंदरांचें शिकणें व धारण सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. हें काम महत्त्वाचें आहे. पण त्यांची ब्राह्मी म्हणजे आपल्याकडे जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात ती. आणि बाजारांत ब्राह्मी या नांवानें मंडूकपर्णीहि सर्रास विकली जाते. चरकानें मेध्य रसायनें म्हणून ज्या चार वनस्पतींचा एकत्र उल्लेख केला आहे, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी आहेत. उंदरानें एका वनस्पतीसाठीं दिलेली साक्ष दुसरीच्या खात्यावर जमा करतां येत नाहीं. माणसांवरील प्रयोगहि झाले आहेत. ऑस्ट्रेलियांत २००१ मध्यें निरोगी प्रौढांना नीरब्राह्मीच्या अर्काची एक मात्रा देऊन दोन तासांनीं परीक्षा घेतली, तेव्हां फरक दिसला नाहीं. बारा आठवडे रोज दिल्यावर कांहीं कसोट्यांत सुधारणा दिसली. २००२ मध्यें चाळीस ते पांसष्ट वयाच्या माणसांवरील प्रयोगांत शिकण्याचा वेग तोच राहिला, शिकलेलें टिकण्यांत मात्र फरक पडला. म्हणजे जेथें गुण दिसला तेथेंहि तो महिन्यांच्या सेवनानंतर, प्रौढांत, आणि मर्यादित दिसला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत दहावीच्या मुलाला पाजलेल्या चमच्याशीं या प्रयोगांचा कांहीं संबंध नाहीं.

येथें एक नैतिक प्रश्नहि येतो. आपल्या देशांत १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें व १९९८ च्या नियमांनीं अशा प्रयोगांवर देखरेख ठेविली आहे, हें योग्यच आहे. परंतु कायदा पिंजऱ्याची लांबीरुंदी ठरवूं शकेल. प्रश्नाची योग्यता शेवटीं संशोधकालाच ठरवावी लागते. टोलमन यांचे तीन गट एका खऱ्या शंकेचें निरसन करण्यासाठीं धांवले. ज्या प्रयोगाचें उत्तर जाहिरातीनें आधींच लिहून ठेविलेलें असतें, त्यांत मुक्या प्राण्याला बसलेला धक्का अगदीं सौम्य असला तरी अन्यायाचाच म्हटला पाहिजे.

आणि शाळा? ऑक्टोबर १९३७ मध्यें आमच्याच जिल्ह्यांत, वर्ध्यास, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. तिनें नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनें हस्तोद्योगांतून शिक्षणाची योजना आंखतांना चालू परीक्षापद्धतीवर कडक टीका केली. सूत काततां काततां मूल गणित शिकतें, पण तें त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. हिशेब करण्याची वेळ येते तेव्हां तें बाहेर येतें, हा त्या योजनेमागील विश्वास होता. टोलमन यांना वर्ध्याची किंवा वर्ध्याला टोलमन यांची गरज पडली नाहीं; पण दोघांचें निरीक्षण एकाच दिशेचें आहे. ती योजना व्यवहारांत कां मंदावली, हा वेगळा विषय आहे. तिची टीका मात्र शिळी झालेली नाहीं. उत्तरपत्रिका तपासण्यांत उभें आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें विसरूं नये कीं, आपल्यापुढें जो गठ्ठा येतो तो दहाव्या दिवसाच्या नोंदींचा असूं शकतो. ज्या मुलाला लिहिण्याचें प्रयोजनच कोणी दिलें नाहीं, त्याची कोरी पुरवणी म्हणजे त्याच्या डोक्याचें छायाचित्र नव्हे.

याचा अर्थ परीक्षा निरर्थक आहेत असा नाहीं. परीक्षेवांचून टोलमन यांना तरी आपलें म्हणणें सिद्ध करतां आलें नसतें. अकराव्या दिवसाचें अन्न हीहि एक परीक्षाच होती, फक्त ती अधिक विचारपूर्वक घेतलेली होती. निबंधाचें महत्त्व याच ठिकाणीं आहे. त्याचा शेवट सैल आहे, त्याच्या एका प्रयोगांत दिव्याची गफलत आहे, आणि परीक्षक स्वतः त्यांत अदृश्य आहे. तरीहि निकाल वाचण्यापूर्वीं परीक्षा कशाची झाली तें विचारावें, ही संवय तो वाचकाला लावतो. ज्या घरांत औषधाची बाटली विकत घेतांना आणि मुलाची गुणपत्रिका हातांत घेतांना हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरांत हा निबंध कोणी वाचलेला नसला तरी चालेल.